अर्धा ग्रॅम

कोआलाघरातली ताई आणि पक्षिघरातला भिंगरी हे सख्खे बहीणभाऊ आहेत, हे प्राणिसंग्रहालयात नव्यानं लागलेल्या माणसाला सांगून पटायचं नाही. ताई एक बादली धुवायला घेई ती अशी, की बादलीलाच पेंग यावी. भिंगरी एका हातानं साखरपाण्याच्या नळ्या भरे, दुसऱ्या हातानं काच पुसे आणि तोंडानं तिसऱ्याच कुणाला तरी हाका मारत असे. त्याला हे नाव वडिलांनी ठेवलं होतं. शाळेत गेलं, नोकरीत आलं, आणि आता तो पन्नाशीला टेकला तरी मागे लागलेलंच होतं.

त्यांची कामाची घरं समोरासमोर होती. अलीकडे ताईचे कोआला. निलगिरीच्या फांद्यांच्या बेचक्यात रुतून बसलेले, करडे, गुबगुबीत, दिवसाचे अठरा-वीस तास झोपणारे. निलगिरीचा पाला विषारी. दुसऱ्या जनावरानं खाल्ला तर आडवंच व्हावं. तो पचवायचा म्हणजे चार-चार दिवसांचं काम, म्हणून बाकी सगळी कामं बंद. पलीकडच्या दमट, उबदार दालनात भिंगरीचे नऊ हमिंगबर्ड. अंगठ्याएवढा जीव, सेकंदाला पन्नास-साठ वेळा हलणारे पंख, आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी भूक. दिवसभरात स्वतःच्या वजनापेक्षा जास्त साखरपाणी प्यायचं आणि तरी संध्याकाळी पोट रिकामंच. लोक म्हणायचे, साहेबांनी माणसं बघूनच प्राणी वाटलेत.

मध्ये फक्त वीस पावलांची फरशी होती. पण दोन वर्षं त्या फरशीवरून ना ताई पलीकडे गेली होती ना भिंगरी अलीकडे आला होता. काही निरोप असला तर पहारेकऱ्याच्या हातून चिठ्ठी यायची. "तुमच्याकडचा पाला वाऱ्यानं आमच्या दारात येतो." "झाडून घ्यावा." एवढंच.

त्याला कारण वडिलांची शेवटची दुपार. वडील ताईकडे राहत. ते गेले तेव्हा भिंगरी कामावर होता. फोन आला तसा टोपीसुद्धा न काढता धावत सुटला, पण पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. दारातच तो म्हणाला, "किती वाजता बिघडलं?" ताईनं वेळ सांगितली. त्यानं मनात हिशेब केला. "म्हणजे अर्धा तास तू नुसती बसून होतीस? तुझ्या या निवांतपणापायी मला बाबा भेटले नाहीत." ताईला उत्तर द्यायचं होतं. पण तिला कुठलंही उत्तर सुचायला वेळ लागे, आणि तोवर तो वळून आत गेला होता. ते उत्तर तसंच राहून गेलं.

मग एका सोमवारी भिंगरीच्या डाव्या डोळ्यापुढे काळी झालर आली. डोळ्याचा पडदा सरकला होता. तातडीनं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी बजावलं, की दहा दिवस पालथं झोपायचं, चेहरा जमिनीकडे, मान हलवायची नाही. पुढे महिनाभर धावायचं नाही, वाकायचं नाही, झटका बसेल असं काही करायचं नाही. ऐकून त्याची बायको हसली आणि मग रडली. म्हणाली, "डॉक्टर, त्यापेक्षा दोन्ही डोळे काढून घ्या, पण यांना पडून राहायला सांगू नका."

पक्षिघराला माणूस हवा होता. जनावरांच्या डॉक्टरीणबाई ताईकडे आल्या.

"मला नाही जमणार," ताई म्हणाली. "मला ते पक्षी दिसतसुद्धा नाहीत. नुसतं काहीतरी गेलं एवढंच कळतं."

"इथे बावीस वर्षं काढलेलं दुसरं कुणी नाही माझ्याकडे. कोआला दोन तास तुमच्याशिवाय राहतात. हे पक्षी दिवसा दोन तास उपाशी राहिले तर मरतात."

ताई गेली. खुंटीवर भिंगरीचा कोट होता, त्याच्याखाली वही. वहीत त्याचं पळतं अक्षर: नळ्या दिवसातून तीनदा बदलणे, खाण्यासाठी चिलटांची बरणी सकाळी उघडणे, तापमान इतक्याच्या खाली जाऊ न देणे. आणि एका कोपऱ्यात: "गुलाबी गळ्याचा भांडखोर आहे, त्याची नळी वेगळी." ताईनं ते दोनदा वाचलं. हा माणूस आपल्याशी दोन वर्षं बोलला नाही, आणि इथे पाखरांची भांडणं सोडवत बसला होता.

पहिले तीन दिवस तिची नुसती तारांबळ उडाली. कोआला कसा, बघायला गेलं की तिथेच असतो. जेवून आलं तरी तिथेच असतो. इथे कानाशी भुर्र व्हायचं आणि मान वळवेपर्यंत फक्त हललेलं पान उरायचं. चौथ्या दिवशी दुपारी मात्र ती नळी हातात धरून उभी होती, तिच्या सवयीनं, काही न करता, आणि गुलाबी गळ्याचा तो भांडखोर तिच्या नाकासमोर वीतभर अंतरावर येऊन हवेत थांबला. थांबला म्हणजे अक्षरशः थांबला. पंखांच्या जागी नुसतं धुकं, आणि मध्ये ते एवढंसं शरीर जणू अदृश्य खिळ्याला टांगलेलं. त्यानं चोच नळीत घातली. ताईला त्याची जीभ दिसली, धाग्यासारखी, आत-बाहेर, आत-बाहेर. ती श्वास घ्यायची विसरली. आपण बावीस वर्षं स्थिर बसलेली जनावरं बघितली, पण इतकं स्थिर काही बघितलं नव्हतं, असं तिला वाटून गेलं. आणि हे तर उडत होतं!

सातव्या दिवशी सकाळी तिनं पक्षिघराचं दार उघडलं आणि तिच्या तोंडातून वाफ बाहेर पडली. हीटर बंद पडला होता. तापमानाचा काटा कधी नव्हे इतका खाली. आणि दालनात आवाज नव्हता. तो सततचा गुंजारव, ज्याची तिला सहा दिवसांत सवय झाली होती, तो नव्हताच.

मग तिला एकेक दिसायला लागले. इकडे डहाळीवर एक, तिकडे दोन, फुगून गोल झालेले, जुन्या लोकरीच्या गोळ्यासारखे, रंग उडालेले. एक तर डहाळीला उलटाच लटकत होता. तोच, गुलाबी गळ्याचा. तिनं बोट लावलं. ओढ्यातला खडा लागावा तसा गार. जरासुद्धा हालचाल नाही.

ताई धावली. बावीस वर्षांत तिला कुणी धावताना पाहिलं नव्हतं. फाटकावरचा पहारेकरी नंतर कित्येक दिवस सांगत होता, मला वाटलं वाघ सुटला. डॉक्टरीणबाई अजून यायच्या होत्या. ऑफिसातल्या फोनवर तिच्या बोटांनी भावाच्या घरचा नंबर आपोआप फिरवला. भावजयीनं उचलला.

"मी ताई. त्याच्या कानाला लाव, लवकर."

भावजयीनं दोन वर्षांत हा आवाज ऐकला नव्हता, आणि या आवाजात 'लवकर' तर कधीच. तिनं काही न विचारता फोन नवऱ्याच्या कानाला लावला. तो पालथाच होता. आवाज विहिरीतून यावा तसा आला.

"काय झालं?"

"मेले रे. नऊच्या नऊ मेले. हीटर बंद पडला, आणि मी... मी आत्ता आले."

 मग तो म्हणाला, "चोच कुठे आहे?"

"काय?"

"चोच, ताई. वर आहे की मान टाकलीये?"

तिनं डोळे मिटून आठवलं. "वर. सगळ्यांची वर. आभाळाकडे."

"पिसं फुगलीत?"

"हो."

"मग मेले नाहीत ते." त्यानं सोडलेला श्वास तिला ऐकू आला. "गारठा पडला आणि पोट रिकामं असलं की ते स्वतःला मिटून घेतात. कंदिलाची वात बारीक करतो ना आपण, तसं. श्वाससुद्धा दिसत नाही. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी एकाला कागदात गुंडाळून ठेवला होता. कागदच उडायला लागला."

"एक उलटा लटकलाय रे."

"लटकू दे. पाय सोडत नाहीत ते. तू मागच्या खोलीतला जादा हीटर लाव, पण लांब. एकदम ऊब नको. नळ्या ताज्या भर आणि प्रत्येकाच्या जवळ टांग. हात लावायचा नाही कुणाला. आणि मग बस."

"बस म्हणजे?"

"बस म्हणजे बस, ताई. तुला येतं ते."

तिनं सगळं त्यानं सांगितलं तसं केलं. मग स्टूल ओढलं आणि बसली. हात मांडीखाली दाबून धरले. पाच मिनिटं गेली. दहा गेली. काही नाही. काटा हळूहळू चढत होता. कोआलासमोर तास-तास बसलेली बाई ती. पण ते बसणं आणि हे बसणं यात फरक होता. तिथे समोरचा झोपला आहे हे माहीत असायचं.

वीस मिनिटांनी जवळच्या डहाळीवरच्या एकाच्या गळ्याचं एक पीस हललं. वारा नव्हता. मग दुसरं हललं. मग तो अख्खा गोळा थरथरायला लागला, इतका बारीक, इतका झरझर, की त्याच्या कडा पुसट झाल्या. थंडीनं काकडावं तसा तो काकडत होता, आणि त्या काकडण्यातूनच स्वतःला पेटवत होता. एक डोळा उघडला, मोहरीएवढा, काळा. त्यानं ताईकडे पाहिलं. त्यानंतर काय झालं ते तिला नीट सांगता येत नसे. तो उडाला असं तिला दिसलंच नाही. तो डहाळीवर होता, आणि मग तो हवेत होता, आणि त्याच्या अंगावर हिरवा रंग परत आला होता.

मग एकामागून एक. दालनात एक गुणगुण सुरू झाली, दुसरी तिला येऊन मिळाली, तिसरी. आठ झाले. भांडखोर मात्र अजून उलटाच. चाळीस मिनिटं झाली. ताई त्याच्या खाली ओंजळ धरून उभी राहिली, हात लावायचा नाही हे माहीत असूनही. तो लटकल्या लटकल्याच थरथरला, थांबला, पुन्हा थरथरला. आणि मग पाय सुटले. तो खाली आला, तिच्या ओंजळीपासून चार बोटांवर आला, आणि तिथून सरळ वर गेला. तिच्या तळव्यांना फक्त वारा लागला.

डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा ताई स्टुलावर बसून डोळे पुसत होती. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, पक्षी मोजले आणि म्हणाल्या, "उडताना याचं हृदय मिनिटाला हजाराच्या वर जातं. आणि तासाभरापूर्वी ते पन्नासच्या आसपास असेल. म्हणजे तुमच्या झोपलेल्या आत्याबाईपेक्षाही सावकाश."

आत्याबाई म्हणजे ताईची सर्वांत जुनी कोआला. लग्नात मानपान चुकलेल्या आत्यासारखा तिचा चेहरा असे म्हणून ते नाव. ताई दाराबाहेर येऊन समोर बघत राहिली. काचेमागे आत्याबाई झोपली होती. इकडे नऊ जण हवेत सुया ओवत होते. हे दोघं एकमेकांचे कुणी लागत नाहीत, असं ती आजवर धरून चालली होती.

त्याच दिवशी दुपारी कुंडी साफ करताना तिला मातीवर एक अंडं मिळालं. कुणा मादीनं घरट्याविनाच टाकलेलं. चवळीच्या दाण्यापेक्षा जरा मोठं, पांढरं. डॉक्टरीणबाईंनी ते दिव्यासमोर धरलं. "यात जीव नाही," त्या म्हणाल्या, आणि नोंदीसाठी काट्यावर ठेवलं. काटा अर्ध्या ग्रॅमवर थांबला.

"अर्धा ग्रॅम," बाई म्हणाल्या, आणि लिहिता लिहिता थांबल्या. "गंमत बघा. कोआलाचं पिल्लू जन्मतं ना, तेही साधारण एवढंच भरतं."

बाईंनी हे पुस्तकात वाचलं होतं. ताईनं ते पाहिलं होतं. बावीस वर्षांत एकदाच. आत्याबाई तेव्हा तरुण होती. फांदीवर बसली असताना तिच्या पोटाखालच्या केसांत काहीतरी गुलाबी, ओलं, घेवड्याच्या बीएवढं दिसलं. डोळे नाहीत, कान नाहीत, मागचे पाय म्हणजे नुसत्या गाठी. फक्त पुढचे दोन हात. त्या दोन हातांनी ते केसांतून वर चढत होतं. आईनं मदत केली नाही, तिला बहुधा पत्ताही नव्हता. रस्ता दाखवणारं कुणी नव्हतं. चार-पाच मिनिटांत ते आईच्या पोटावरच्या पिशवीच्या तोंडाशी पोचलं आणि आत गेलं. पुढचे सहा महिने कुणालाही दिसलं नाही. ताईनं तेव्हा हे कुणाला सांगितलं नव्हतं. काय सांगायचं, तेच सुचलं नव्हतं.

तिनं अंडं मागून घेतलं. कापूस घालून काड्यापेटीत ठेवलं आणि काम संपल्यावर थेट भावाच्या घरी गेली.

भावजयीनं दार उघडलं, तिच्याकडे बघितलं आणि आतल्या खोलीकडे नुसतं बोट केलं. भिंगरी पलंगावर पालथा होता, छातीखाली उशा, चेहरा पलंगाच्या कडेबाहेर, खाली जमिनीकडे. खाली फरशीवर बायकोनं वर्तमानपत्र पसरून ठेवलं होतं. ते पान सकाळचंच होतं. त्याचं ते पाठ झालं असावं.

"कोण?" तो म्हणाला. त्याला फक्त पावलं दिसत होती. "ताई?"

उभं राहून बोलायचं तर त्याच्या टाळूशी बोलावं लागलं असतं. ताईनं पिशवी ठेवली, गुडघे कडाकडा वाजवत खाली बसली आणि वर्तमानपत्रावर उताणी झोपली. आता दोघांचे चेहरे समोरासमोर आले. डाव्या डोळ्यावर पट्टी, उजवा लाल. दोन वर्षांत केस बरेच पांढरे झाले होते.

"अगं, कपडे काळे होतील शाईनं."

"होऊ देत."

तिनं काड्यापेटी उघडून त्याच्या डोळ्याखाली धरली. अंडं त्यानं ओळखलं. मग तिनं वजन सांगितलं, आणि नंतर ते पिल्लू सांगितलं, सावकाश, एकही केस न वगळता: कसं चढलं, कुठे थांबलं, कुठे घसरलं, कसं आत गेलं. भिंगरीनं तिला मध्ये तोडलं नाही. त्याच्या आयुष्यात त्यानं इतका वेळ कुणाचं ऐकून घेतलं नसेल. अर्थात, तो जाणार तरी कुठे होता!

"एवढंच?" तो शेवटी म्हणाला. "माझ्या अंड्याएवढं?"

"एवढंच."

"आणि एकाला कवच आहे, एकाला काहीच नाही."

"काहीच नाही. नुसते हात."

ताईनं काड्यापेटी मिटून छातीवर ठेवली. मग त्यानं विचारलं, "ताई, बाबांना शेवटी त्रास झाला का गं?"

"नाही." तिनं वेळ घेतला. त्यानंही घेऊ दिला. "त्यांनी पाणी मागितलं. प्यायले. म्हणाले, जरा पडतो. मग त्यांचा श्वास बारीक होत गेला. मी पायाशी बसले होते. एक श्वास आला की पुढचा येतो का बघत होते. येत होता, पण लांबून लांबून. मला उठायचं होतं, तुला फोन करायचा होता. फोन बाहेरच्या खोलीत. पण मला वाटलं, आपण हललो तर ते जातील. म्हणून हललेच नाही रे. घाई नव्हती म्हणून नाही. भीती होती."

वरून एक थेंब तिच्या कपाळावर पडला. मग आणखी एक.

"रडायचं नाही म्हणून सांगितलंय डॉक्टरांनी," भिंगरी म्हणाला. "डोळ्याला चालत नाही."

"मग उजव्यानं रड."

तो हसला. हसायलाही बंदीच होती. दाराआडून भावजयीनं विचारलं, "काय चाललंय?" आणि ती चहा ठेवायला गेली.

महिन्याभरानं तो कामावर परतला, पण न धावण्याच्या अटीवर. बिचारा पक्षिघरात नवं चालणं शिकल्यासारखा एकेक पाऊल मोजून टाकायचा. तिसऱ्या दिवशी सकाळी पक्षिघराच्या काचेवर टकटक झाली. ताई होती. तिनं नुसती मान हलवली, ये.

कोआलाघरात तिनं त्याला बाकावर बसवलं. आत्याबाई फांदीच्या बेचक्यात झोपली होती. पोटाची पिशवी फुगलेली.

"काय बघायचंय?"

"बस."

तो बसला. दहा मिनिटांनी पाय हलवायला लागला, तिनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. अर्धा तास गेला. त्याच्या पक्ष्यांची नळी बदलायची वेळ जवळ येत होती आणि तो उठणारच होता, तेवढ्यात पिशवीची कड आतून ढकलली गेली. एक काळं, ओलं नाक बाहेर आलं. मग दोन केसाळ कान, एकेक करून, चुरगळलेले. मग डोळे. सहा महिन्यांपूर्वी या डोळ्यांच्या जागी काही नव्हतं, हे आता भिंगरीला ठाऊक होतं. त्या डोळ्यांनी आधी निलगिरीचं पान पाहिलं, मग काच, मग काचेपलीकडची दोन माणसं.

भिंगरी हलला नाही. त्याचं तोंड उघडं होतं. ताईच्या हाताखाली त्याचा गुडघा शांत झाला होता.

"हे ते?" तो कुजबुजला. "अर्ध्या ग्रॅमचं?"

"त्याच्यासारखंच हेही. याला चढताना मात्र कुणी बघितलं नाही."

पिल्लानं एक हात बाहेर काढला, आईच्या पोटाचे केस मुठीत धरले आणि जांभई दिली. आत्याबाईनं डोळासुद्धा उघडला नाही.